डावी नांगी

खाडीवर पूल झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या चिखलात खेकड्यांची वस्ती होती. नराची एक नांगी इवलीशी, तर दुसरी अंगापेक्षा मोठी. ओहोटीला सगळे नर बिळाच्या तोंडाशी उभे राहून मोठी नांगी हलवत, आणि उपवर माद्या त्यांतला एक निवडत. मात्र मोठी नांगी उजवीच हवी, अशी रीत होती.

केवडी आपल्या मावशीबरोबर नवरा बघायला निघाली आणि शेवटच्या बिळापाशी तिचे पाय अडखळले. तिथला नर डावी नांगी हलवत होता. केवडीच्या छातीत धडधडलं. ही भीती की आणखी काही, तिला कळेना.

"पुढे चल!" मावशी खेकसली. "डावा आहे तो. आपल्यात चालत नाही."

केवडी उजव्यांच्या रांगेसमोरून पुन्हा फिरून आली. छातीत काहीच हललं नाही. तोवर भरतीचं पाणी पायांना लागलं. आता कुठल्यातरी बिळात शिरायलाच हवं होतं.

"मावशी, तुला काका आवडले होते?"

"आवडायचंय काय त्यात? उजवे होते."

केवडी वळली आणि थेट डाव्याच्या बिळात शिरली.

वस्तीने नावं ठेवली, पण संसार सुखाचा झाला. यथावकाश तिची लेक उपवर झाली, आणि नेमकी एका उजव्या नांगीसमोर थबकली. केवडीच्या छातीत धडधडलं. या वेळी ती भीतीच होती.

"पुढे चल! आपल्या घरात उजवा चालत नाही."

"आई, तुला बाबा आवडले होते?"

"आवडायचंय काय त्यात?" केवडी म्हणाली. "डावे होते."