मानाची पहिली घागर

एका राज्यात निंबारी नावाचं गाव होतं. राज्य मोठं, राजा त्याहून मोठा, आणि गावातली दोन माणसं राजाहूनही मोठी. निदान त्या दोघांना तसं वाटे. एक म्हाळोजी पाटील, चावडीचा धनी. दुसरा त्र्यंबकबुवा, देवळाचा पुजारी. पाटलाला राजानं नेमलं होतं. बुवाला कुणी नेमलं होतं ते त्यालाच ठाऊक, पण तो आभाळाकडे बोट दाखवी आणि लोक गप्प बसत.

गावाला विहीर एकच. जत्रेआधी ती उपसायची, आणि नवं पाणी आलं की मानाची पहिली घागर काढायची, अशी रीत. ती घागर निघेपर्यंत कुणी पाण्याला शिवायचं नाही. आता ही घागर आधी देवाच्या अभिषेकाला जायची, की चावडीतली राजाची गादी धुवायला? यावर दोघे दरसाल भांडत. त्या साली तर सकाळी सुरू झालेलं भांडण उन्हं कलली तरी संपेना. अहो, पाणी समोर डुचमळतंय, पोरंबाळं जीभ बाहेर काढून बसलीत, आणि हे दोन शहाणे एकमेकांची घराणी काढतायत! संताप नाही येणार तर काय होणार?

तेवढ्यात एक वाटसरू आला. अंगावर धूळ, ओठ सुकलेले.

"ओंजळभर पाणी द्या," तो म्हणाला.

"आधी देवाचं," बुवा म्हणाला.

"आधी राजाचं," पाटील म्हणाला.

वाटसरू मांत्रिक होता. त्यानं हात वर केला. "पहिलं पाणी कुणाचं हे ठरेपर्यंत या गावात कुणाची घागर भरणार नाही." एवढं बोलून तो विहिरीच्या काठावर बसला आणि दगड झाला.

झालं! विहिरीत सोडलेला दोर पाण्याला टेकण्याआधीच राख होऊ लागला. नदीहून आणलेलं पाणी वेशीतून आत येताच आटू लागलं. नारळ फोडावा तर आत कोरडा ठाक. लोक सोयऱ्याधायऱ्यांच्या गावाला निघून गेले. पण गावातल्या हौसाची लेक बकुळा तापानं फणफणली होती. तिला हलवणं म्हणजे वाटेतच जीव जायचा. हौसा तिला मांडीवर घेऊन विहिरीपाशी बसली. पोर 'आई, पाणी' म्हणत होती, आणि मग तेही म्हणेनाशी झाली.

आणि पाटील-बुवा? त्यांनी राजाकडे निवाडा मागितला होता! राजाची बोलकी साळुंकी उत्तर घेऊन आली, विहिरीवरच्या उंबरावर बसली आणि म्हणाली, "महाराजांची आज्ञा. दोघांचाही मान राखावा."

वा रे निवाडा! एवढं तर उंबरानंही सांगितलं असतं.

हौसा उठली. "राजाचं सांगून झालं. आता तुझं सांग. पाखरांना मंत्रतंत्र कळतं म्हणतात."

साळुंकीनं बकुळेकडे पाहिलं. पाखराची मान खाली गेली. "बाई, तीन गोष्टी लागतील. पाटलाचं पागोटं, बुवाचं उपरणं, आणि पहिली घागर कुणाची याचं उत्तर. पहिल्या दोहोंचा दोर कर, तो जळणार नाही. तिसरं मला ठाऊक नाही."

हौसा पाटलाकडे गेली. "पाटील, दोराला पागोटं हवंय. तुम्ही देत नसाल तर बुवांच्या एकट्या उपरण्यावर भागवते. मग विहीर त्यांची म्हणतील लोक." पाटलानं पागोटं काढूनच दिलं. तेच तिनं बुवाला फिरवून सांगितलं. बुवानं उपरणं दिलं, वर अंगरखाही देऊ लागला.

आता गाठ मारायची. पाटील म्हणाला, "माझं पागोटं वरच्या बाजूला."

बुवा म्हणाला, "उपरणं खाली? पायापाशी? जमायचं नाही."

मग पाटलाच्या ध्यानात आलं की खालचं टोक पाण्याला आधी लागणार. "थांब. पागोटं खाली."

"छट्! पाण्याला पहिला स्पर्श उपरण्याचा."

ते बोलत गेले आणि गाठ आपोआप सुटत गेली. तेव्हा हौसाचा बांध फुटला.

"लाज नाही वाटत? माझी पोर मरतेय, आणि तुम्ही चिंधीचं वर-खाली करताय! तुझा देव काय तहानेनं मरतोय, बुवा? तुझ्या राजाची गादी काय तापानं फणफणलीय, पाटील? मुडदा बशिवला तुमच्या मानाचा!"

हौसानं दोन्ही वस्त्रं शेजारी शेजारी धरली आणि त्यांना पीळ घातला. ना कुणी वर, ना कुणी खाली. पिळली तशी ती लांबत गेली, पार पाण्यापर्यंत. घागर बुडाली, भरली, वर आली.

ती काठाला टेकते न टेकते तोच दोन हात पुढे आले. "देवाला!" "चावडीला!" घागरीतलं पाणी झरझर उतरू लागलं.

हौसानं उत्तर शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही. दोन्ही हात कोपरानं उडवले आणि घागर बकुळेच्या ओठांना लावली. एक घोट गेला. मग दुसरा. पोरीनं डोळे उघडले.

घागर पुन्हा काठोकाठ भरली. दगड हलला, मांत्रिक उठून बसला. "ज्याला तहान, पहिलं पाणी त्याचं," तो म्हणाला. "उत्तर मिळालं. शाप सुटला."

"मिळालं?" हौसा कडाडली. "तुझं भांडण या दोघांशी. माझ्या लेकरानं तुझं काय घोडं मारलं होतं? यांना आपला मान दिसला आणि तुला आपला राग. तूही त्यांच्यातलाच."

एवढा मोठा मांत्रिक, पण त्याला मान वर करवेना. "चुकलो, बाई," तो म्हणाला. हौसानं त्याच्याही ओंजळीत पाणी ओतलं. तहानलेला तोही होताच.

लोक परत आले. जत्रा भरली. तेव्हापासून निंबारीत पहिली घागर निघाली की हाळी देतात, "तहान कुणाला?" आणि जो पुढे येतो, त्याला देतात. देवाचा अभिषेक मग होतो. देव कधी रागावला नाही. गादी त्यानंतर धुतात. राजाला तर कळलंसुद्धा नाही.

पुढे एका जत्रेला पाटील आणि बुवा दोघेही उन्हानं घेरी येऊन काठावर बसले. हौसानं घागर पुढे केली.

"आधी बुवांना," पाटील म्हणाला.

"छे, आधी पाटलांना," बुवा म्हणाला.

"तुम्ही घ्या."

"तुम्ही घ्या, मी थांबतो."

दोघेही हटेनात. तेव्हा हौसाच्या मागून बकुळा पुढे आली, पाण्याचा तांब्या दोघांच्या मधोमध आपटला आणि म्हणाली, "प्या मुकाट!"

दोघे मुकाट प्याले. विहिरीचं पाणी विहिरीत राहिलं, आणि गोष्ट तुमच्या ओंजळीत आली.