खोळंबलेल्या सूर्याची गोष्ट

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी हंबीर नावाचा राजा राहायचा. त्याला दोन मुलं, चिमा आणि धोंडू. त्या राज्याची रीत मोठी गमतीची, बरं का. राजाच्या मुलांनी अंगणात येऊन पूर्वेला तांब्याभर पाणी सोडल्याशिवाय सूर्य उगवायचाच नाही. डोंगराआड ताटकळत बसायचा बिचारा.

आणि ही दोघं कशी? धोंडूचं दात घासणं संपेना, चिमाला वहाण सापडेना. मग तांब्या कोणी धरायचा म्हणून एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या. तोवर कोंबडे आरवून आरवून दमायचे. गाईंना कळेना, दूध द्यायचं की झोपायचं. शेवटी सूर्य वैतागला. म्हणाला, "राजा, आणखी तीन दिवस बघतो. मग मी यायचाच नाही."

पहिल्या दिवशी राजा ओरडला. मुलं चूळ भरायची सोडून त्याच्या थरथरणाऱ्या मिशा बघत बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं लाडू दाखवले. मग कोणाचा लाडू मोठा, यावरच जुंपली. राजा पुन्हा ओरडला, इतका की घसाच बसला. त्याला काही उमजेना. रागवावं तर ऐकत नाहीत, खाऊ द्यावा तर भांडतात. करावं तरी काय माणसानं?

तिसऱ्या दिवशी आवाजच फुटेना. राजा रडवेला होऊन पायरीवर बसला. तेवढ्यात चिमानं एक वहाण घातली. राजाला इतकं बरं वाटलं, की त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. धोंडूनं ते पाहिलं. मग त्यानं दोन्ही वहाणा घातल्या. राजानं त्याचाही गालगुच्चा घेतला. मग तांब्यावरून जुंपलीच. राजाला बघवेना, त्यानं तोंड फिरवलं. आता बघायलाच कोणी नाही, तर भांडायचं कोणासाठी? पाण्याचा आवाज आला म्हणून तो वळला, तर तांब्या दोघांनी मिळून धरलेला. त्यानं दोघांना उचलूनच घेतलं. आणि डोंगरावर सूर्य आला.

राणीनं विचारलं, काय जादू केलीत? राजा डोकं खाजवत, बसलेल्या घशानं म्हणाला, "मी तर काहीच केलं नाही." त्याला बिचाऱ्याला अजून उलगडा झालेला नाही. पण तेव्हापासून तो ओरडत नाही, आणि सगळी सुखात आहेत.

चला, झोपा आता. अगं बाई, यमीनं डोळे मिटलेसुद्धा? गुणाची गं माझी. पांघरुणाची ओढाओढी कोण करतंय, तिकडे मी बघतच नाहीये. हं, मिटले बघ सदूनंही.