ऊबपरी आणि सोनकीची चूल

उंच उंच डोंगराच्या माथ्यावर, जिथं ढग खाली उतरून अंगणात बसतात, तिथं ढगवाडी नावाची एक चिमुकली वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला एक इवलीशी झोपडी होती आणि त्या झोपडीत सोनकी राहायची. पावसाळा सरताना डोंगरावर सोनकीची पिवळीधमक फुलं डोलू लागतात ना, त्यांच्यावरून आईनं तिचं नाव ठेवलं होतं.

त्या वर्षी श्रावणात सोनकीचे बाबा देवाघरी गेले. मागे राहिल्या तिघीजणी : आई, सोनकी आणि झोळीत झोपणारी तान्ही शेवू. आई लोकांच्या गोधड्या शिवायची आणि त्यावर तिघींचं पोट भरायचं. पण पौष आला तो गारांचा पाऊस घेऊनच आला. टपटप, तडतड गारा पडल्या. लाकडं भिजली, गोवऱ्यांचा चिखल झाला आणि एके सकाळी सोनकीच्या घरची चूल विझली. आईच्या अंगात ताप भरला होता. कुडाच्या भिंतींच्या फटींतून वारा शिट्या वाजवत आत येत होता आणि शेवूचे गुलाबी तळवे निळसर पडले होते.

"आई, मी भागीरथीकाकूंकडून विस्तव आणते हं," सोनकी म्हणाली आणि मातीचं खापर घेऊन पळत शेजारी गेली.

काकूंच्या चुलीत लालभडक निखारे हसत होते. पण काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"विस्तव? या असल्या दिवसांत? अगं, आमचीच लाकडं सरत आलीत. दुसऱ्यांना वाटत बसले तर आमच्या म्हाताऱ्या मामंजींना कशानं शेकू? जा बाई, दुसरीकडे बघ."

दुसरीकडे कुठं बघणार? बाकीची घरं ओढ्यापलीकडे होती आणि ओढा तर दुथडी भरून वाहत होता. सोनकीनं डोळे पुसले आणि सुक्या काटक्या शोधायला ती रानात शिरली.

रान कसं चांदीनं मढवल्यासारखं दिसत होतं. गवताच्या पात्यापात्यावर हिमाचे मणी होते. कोळ्याच्या जाळ्यांचे मोतीहार झाले होते. एका म्हाताऱ्या जांभळीच्या ढोलीत हात घालून सोनकी सुका पाला चाचपत होती, तेवढ्यात तिच्या बोटांना काहीतरी मऊ मऊ लागलं.

ती एक परी होती! करंगळीएवढी, इवलीशी. पण तिचा झगा राखेसारखा करडा पडला होता, पंखांवर हिम गोठलं होतं आणि तिचे चिमणे दात कडकड वाजत होते.

"अगं बाई गं, किती गारठलीस तू!" सोनकी कळवळली. तिनं परीला अलगद ओंजळीत घेतलं आणि तिच्यावर हळूहळू ऊन ऊन श्वास सोडला. गळ्याभोवती एकच लोकरीचा पटका होता. तोही तिनं सोडला, परीला त्यात गुंडाळलं आणि गळ्याशी घट्ट धरलं. वारा तिच्या उघड्या मानेला झोंबला, तरी तिनं परीला सोडलं नाही.

हळूहळू करड्या झग्यात एक शेंदरी ठिपका उमलला. मग केशरी रंग आला, मग सोनेरी, आणि झग्याच्या काठाला ज्योतीसारखी निळीनिळी झालर चमकली. परीनं पंख झटकले. झिळमिळ झिळमिळ ठिणग्या उडाल्या!

"मी ऊबपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "साऱ्या चुलींची, साऱ्या दिव्यांची परी. वाऱ्यानं मला इथं आणून टाकलं होतं. तुझ्यामुळे वाचले मी. सोनकी, माग, तीन इच्छा माग!"

"तीन?" सोनकीचे डोळे लकाकले.

"हो, पण त्यांना नियम आहेत हं. जिथं आधी तुझे हात राबतील, तिथंच माझी जादू लागेल. माझी ऊब घेशील, तर दारी मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि दिवस मावळला, की उरलेल्या इच्छाही मावळतील."

एवढं बोलून परी भुर्रकन उडाली आणि सोनकी सुका पाला आणि काटक्या पटक्यात बांधून घराकडे धावली.

घरी येताच तिनं आईला परीची गोष्ट सांगितली आणि मग तिचे हात भराभर चालू लागले. शेण आणि माती कालवून तिनं कुडाच्या फटी लिंपल्या. वाऱ्याची एक एक शिटी बंद पडत गेली. चुलीतली ओली राख काढली, ढोलीतला सुका पाला खाली घातला, त्यावर बारक्या काटक्या ठेवल्या आणि डोळे मिटून ती म्हणाली, "ऊबपरी, ऊबपरी, आमची चूल पेटू दे!"

भुर्र! चुलीत केशरी फूल उमललं. त्याच्या पाकळ्या वर वर चढल्या आणि भिजली लाकडंसुद्धा चुरचुरत, गात गात जळू लागली. सोनकीनं झोळी चुलीजवळ ओढली. शेवूचे तळवे पुन्हा गुलाबी झाले.

पण ढगांमुळे झोपडीत भरदुपारी अंधार होता. आई अंधाराकडे बघत नुसती पडून होती. बाबांनी कधीतरी रानातून आणलेला मेणाचा गोळा सोनकीला आठवला. तिनं तो वितळवला, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या वाती वळल्या आणि बांबूच्या नळ्यांत मेण ओतलं. थंडीनं ते बघता बघता आळलं. वाकड्यातिकड्या, बुटक्या मेणबत्त्या तयार झाल्या! सोनकीनं त्या कोनाड्यात, उंबऱ्याशी, आईच्या उशाशी मांडल्या.

"ऊबपरी, ऊबपरी, आमच्या घरात उजेड होऊ दे!"

टिमटिम टिमटिम! सगळ्या मेणबत्त्या एकदम उजळल्या. भिंती मधासारख्या पिवळ्या झाल्या. घरभर मधाचा गोड वास दरवळला. आईनं मान वळवली आणि क्षीण आवाजात म्हणाली, "किती छान दिसतंय गं आपलं घर."

आता उरली एकच इच्छा, आणि ती कुणासाठी मागायची हे सोनकीनं केव्हाच ठरवलं होतं. तिनं चुलीवर पाणी ठेवलं. त्यात आलं ठेचून घातलं, गवती चहा घातला. आईचे पाय चोळले, कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. 'आता काढा पाजते आणि मग म्हणते, आईला बरं कर,' ती मनात म्हणत होती. तेवढ्यात दार वाजलं.

दारात भागीरथीकाकू उभ्या होत्या. लुगडं चिंब भिजलेलं, ओठ काळेनिळे.

"सोनके," काकू खाली बघत म्हणाल्या, "गारांनी आमचं छप्पर फुटलं गं. पाणी सरळ चुलीत आलं. मामंजी लाकडासारखे गार पडलेत. थोडा... थोडा विस्तव देतेस का?"

सोनकीला सकाळचं अर्धं उघडं दार आठवलं. तिला रागच आला. पण काकूंच्या लुगड्यातून उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं. तिनं खापरात लाल निखारे भरले आणि काकूंच्या हाती दिले.

काकू गेल्या आणि लगेच परत आल्या. निखारे पावसानं काळे ठिक्कर पडले होते. सोनकीनं पुन्हा भरून दिले, वर दुसरं खापर झाकलं. तरी तेही वाटेत विझले. तेव्हा मात्र काकू उंबऱ्यावरच बसल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

"मामंजींना इथं आणावं, तर त्यांना चालवत नाही. सकाळी तुला हाकललं ना मी, म्हणून विस्तव माझ्या हातात टिकत नाही बघ."

ढगांच्या फटीतून सूर्य डोंगरावर टेकताना दिसत होता. सोनकीनं आईकडे पाहिलं. एकच इच्छा होती. एकच! तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं.

"आई, परीची एकच इच्छा उरलीय गं. ती मी तुझ्यासाठी ठेवली होती."

आईनं तापलेला हात तिच्या गालावर ठेवला. "जा बाळ. माझ्याजवळ चूल आहे, उजेड आहे, तू आहेस. त्या म्हाताऱ्या जिवाजवळ आत्ता काहीच नाही."

सोनकी काकूंचा हात धरून पावसातून धावली. काकूंच्या घरात त्यांचे मामंजी, उमाजीआजोबा, ओल्या घोंगडीत मुटकुळं करून पडले होते. सोनकीनं घोंगडी बाजूला केली आणि आपला पटका त्यांच्या छातीवर पांघरला. काकूंनी गळक्या छपराखाली परात धरली आणि सोनकीनं चुलीतला चिखल उपसला. फळीखाली कोरड्या राहिलेल्या लाकडाच्या ढलप्या काढून रचल्या. सूर्याची शेवटची कोर उरली होती.

"ऊबपरी, ऊबपरी, आजोबांची चूल पेटू दे!"

भुर्र! केशरी ज्वाळा उसळली आणि दिवस मावळला.

आजोबांची बोटं हळूच हलली. त्यांनी डोळे उघडले. "कोण गं तू? केवढं ऊन ऊन वाटतंय!" ते पुटपुटले. काकूंनी सोनकीला कुशीत ओढलं आणि तिचे ओले केस आपल्या पदरानं पुसले. मग आजोबांना चुलीजवळ नीट निजवून त्या म्हणाल्या, "चल, तुझ्या आईला मी बघते. आज तिचे पाय मी चेपणार."

दोघी झोपडीत आल्या. काकूंनी आईला मांडीवर टेकवून घोट घोट काढा पाजला. सोनकी उशाशी बसली. ताप काही उतरत नव्हता. तिनं आईचा हात धरला आणि हलकेच म्हणाली, "आई, मी मागू नाही शकले गं."

तोच आईच्या उशाशी असलेली बुटकी मेणबत्ती लख्ख उजळली. ज्योत उंच झाली, तिला पंख फुटले आणि ज्योतीतून ऊबपरी बाहेर आली! तिचा झगा आता सूर्यफुलासारखा झळाळत होता.

"सोनकी, का रडतेस?"

"दिवस मावळला," सोनकी मुसमुसली. "तीन इच्छा संपल्या. आता नियम..."

"वेडाबाई!" परी खुदकन हसली. "नियम मागण्याला असतात. मनापासून द्यायला कुठले नियम?"

ती आईच्या कपाळावर उतरली आणि तिनं आपले चिमणे ओठ तिथं टेकवले. आईच्या कपाळातून एक लाल ठिणगी उडाली, हवेत गिरकी घेऊन विझून गेली. तापाची ती शेवटची ठिणगी! आईच्या कपाळावर घामाचे थेंब चमकले, तिचा श्वास संथ झाला.

परी वर वर तरंगत गेली. तिच्या अंगातून आधी शेंदरी उजेड सांडला, मग केशरी, मग पांढराशुभ्र. तो घरात मावेना, दारातून बाहेर पडला, ओढ्यावर, रानावर, साऱ्या ढगवाडीवर पसरला आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

झोपडीत सगळं शांत झालं. चुलीत लाकडं चुरचुरत होती. काकू तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या होत्या.

आई हळूच उठून बसली. तिनं चुलीकडे पाहिलं, सोनकीकडे पाहिलं आणि लाजऱ्या मुलीसारखी म्हणाली, "सोनके, मला ना, खूप भूक लागलीय."

"बसा हो, तुम्ही नुसत्या बसा!" म्हणत भागीरथीकाकू नाचणीचं पीठ आणायला आपल्या घराकडे धावल्या. सोनकीनं चुलीवर तवा ठेवला आणि ती दार उघडून काकूंची वाट बघत उभी राहिली.