पाझरणारी भिंत

“भिंत पाझरते, आबा. हे कशाचं लक्षण मानायचं?”

विश्वंभरनं विचारलं आणि हात जोडून उभा राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं. फक्त आबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आबा सुपारी कातरत होते. हात थांबला नाही.

“कुठली भिंत?”

“माझ्या जपाच्या खोलीची. चौदा महिने झाले बसतोय. आषाढ लागल्यापासून रोज पहाटे भिंतीला घाम येतो. बोट लावलं तर गार…”

“आणि वास?”

“येतो ना. मातीसारखा. जमिनीतून काहीतरी वर येतंय असा.”

आबांनी सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं.

मी ओसरीच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आंबोलीच्या अलीकडे, ऐन घाटमाथ्यावर हा लहानसा मठ. आबा इथले प्रमुख. विश्वंभर त्यांचा शिष्य. आणि माझी द्वारकामावशी अकरा वर्षं इथली स्वयंपाकीण. सकाळच्या एसटीनं मी तिला न्यायला आले होते, आणि ती यायला तयार नव्हती.

बाहेर पाऊस असा, की शेजारच्याचं बोलणं कळू नये. तरी मला स्वयंपाकघरातला तिचा खोकला ऐकू येत होता. दोन खोकल्यांच्या मधे शिट्टीसारखा बारीक आवाज. तो थांबला की मी दचकून उठायचे. पुन्हा सुरू झाला की बसायचे.

“तुझी ऊठबस काय चाललीय गो सकाळपासून?” आबांनी विचारलं.

मी पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला.

“आबा, मावशीला दमा कधीच नव्हता. गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. परवा डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी विचारलं, या झोपतात कुठे? म्हणाले, औषधानं दबेल, पण झोपायच्या जागेची हवा सुधारली नाही तर पुन्हा उसळेल. ओल आहे का बघा, बुरशी आहे का बघा. अशा छातीला ती फार वाईट.”

विश्वंभर हसला.

“बुरशी भाकरीला येते, ताई. मठाला नाही.”

“माका काय्येक झालेला नाय!” मावशी आतून ओरडली. “तू गप रव!”

एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला.

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“द्वारका निजते कुठे?”

विश्वंभर पावसाकडे बघत राहिला.

“याच्या खोलीच्या मागे,” मी म्हटलं. “मधे तीच भिंत. छपरापर्यंत गेलेलीसुद्धा नाही.”

आबा उठले. भिंतीला धरून, सावकाश. विश्वंभर पुढे धावला.

“आबा, आधी पाय धुवा. आत सोवळं आहे.”

आबांनी पाय धुतले. डावा. मग उजवा. पुन्हा डावा. शिट्टी थांबली होती, आणि मला वाटलं आता मी किंचाळणार…

सुरू झाली.

खोलीचं दार उघडलं तर आधी नाकच मागे आलं. खिडकीला गोणपाट ठोकलेलं. वर दांडीवर विश्वंभरचं सोवळं. लोकरीची धाबळी, दोन पंचे, उपरणं. तो ते रोज पहाटे स्वतः पिळायचा, काठीनंच दांडीवर टाकायचा, कुणाची सावली पडू नये म्हणून दार ओढून घ्यायचा. श्रावणात ते वाळायचं कसलं? ओलंच नेसायचं, ओलंच पुन्हा टाकायचं. धाबळीच्या टोकाला थेंब लोंबत होता.

भिंत मात्र पांढरीशुभ्र.

“दर शुक्रवारी चुन्याचा हात देतो,” विश्वंभर म्हणाला. “थोडं काळं येतं, ते केरसुणीनं खरवडतो. मग चुना. मग धूप.”

“शनिवारी मावशीला फोनवर बोलताच येत नाही,” माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

आबांनी अंगठा भिंतीला लावला आणि दाबला.

चुन्याचा पापुद्रा ताटलीएवढा सुटून खाली पडला. मी उडालेच. आत काळं होतं. काळं आणि हिरवट, मखमलीसारखं मऊ… चुन्याखाली वर वर गेलेलं.

विश्वंभरनं झटकन केरसुणी उचलली. “आत्ता झाडतो.”

आबांनी त्याचं मनगट धरलं.

“कुणाच्या छातीत लोटतोस?”

केरसुणी त्याच्या हातात तशीच राहिली.

“कोरडं झाडायचं नाही. नाकातोंडाला फडकं बांध. भिंत साबणाच्या पाण्यानं भिजव, ओल्या फडक्यांनी पूस, आणि ती फडकी बाहेर नेऊन टाक. मग सगळं खडखडीत वाळू दे. ओल राहिली तर पुन्हा येईल. चुना त्यानंतर. द्वारका तोवर देवळाच्या ओवरीत. तिची गोधडी, इथलं काहीच वापरायचं नाही. आणि हे गोणपाट काढ.”

“गोणपाट?” विश्वंभरचा आवाज चढला. “बाहेर पायवाट आहे, आबा. येणारे-जाणारे, ढोरं, कोण कोण… खिडकी उघडली तर सोवळं सोवळं राहील कसं? तुम्हीच शिकवलंत ना मला, नेम मोडायचा नाही?”

“शिकवलं.”

“मग?”

आबा खोलीच्या मधोमध गेले. विश्वंभरच्या आसनावर बसले. मांडी घातली.

“नेम मोडू नकोस. दार ओढून घे. आजपासून मी इथं निजतो.”

“इथं?”

“चांगलं थंड आहे.”

“नको, आबा!” विश्वंभर जवळजवळ ओरडला. “तुमचं वय काय! ही हवा तुम्हाला सोसायची नाही!”

पाऊस कोसळत होता. स्वयंपाकघरातून खोकला आला… एक, दोन, मग मोजता येईनात.

“द्वारकेला सोसते?” आबांनी विचारलं.

विश्वंभरचे कान लाल झाले. त्या काळ्या डागाकडे बघत तो फार हळू म्हणाला, “मला वाटलं होतं… तिचं वय झालं.”

“तिला अठ्ठेचाळिसावं लागलंय,” मी म्हटलं.

राग इतका आला होता, की तो आबांवरही निघाला. “आणि तुम्ही, आबा? तुम्हाला दोन पावसाळ्यांत ऐकू आलं नाही?”

मावशी दारात येऊन उभी राहिली होती, हातात पळी. तिनं कपाळावर हात मारला. “गो, तुका काय कळता? कोणाक बोलतस!”

“बोलू दे तिला,” आबा म्हणाले. “मी नैवेद्याचं ताट बघत होतो, द्वारके. रोज वेळेवर यायचं. कोण खोकत खोकत आणून ठेवतंय, ते बघितलं नाही.”

मावशीनं पळी पदराला पुसली.

“ओवरीतही नको, पंधरा दिवस भाचीबरोबर जा. औषध घे. खोली कोरडी झाल्याशिवाय परत यायचं नाही.”

“आणि रांधतलो कोण?”

“हा.”

विश्वंभरनं मान वर केली. “मला भात येतो फक्त.”

“भात खाऊ.”

मावशीला हसू आलं. हसता हसता खोकला आला, आणि मी तिला धरून ओसरीवर आणलं. पाठीवर हात ठेवला तर आतली घरघर तळहाताला लागली. आत खिळे उपसल्याचा आवाज झाला, मी पुन्हा दचकले. विश्वंभर गोणपाट काढत होता.

थोड्या वेळानं तो बाहेर आला. नाकाला पंचा बांधलेला, काठीवर ती जड, गळकी धाबळी. ओसरीत एकच दोरी, चुलीची ऊब आणि वारा दोन्ही लागतील अशी. तिच्यावर मावशीची दोन लुगडी. मधे हातभर जागा.

तो त्या जागेसमोर थांबला. काठी थोडी वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली.

वारा सुटला होता. लुगडी हलत होती.

“आबा…” त्याचा आवाज पंच्याच्या आतून आला, अगदी लहान. “हिच्या लुगड्याला लागेल.”

आबा दारापर्यंत आले होते. मावशीच्या शेजारी पायरीवर बसले, आणि विश्वंभरच्या नाकावरच्या पंच्याकडे बघत राहिले.

“आत घेतोस तो श्वास कुणाकुणाला शिवून येतो… विचारलंस कधी?”