सगळ्या टोपल्यांना एकच फीत

किनाऱ्यावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध मत्स्यसंशोधक राहत होते. परदेशी शिकून आलेली त्यांची शिष्या सरंगा या माशाच्या जनुकांत ओळखीच्या खुणा शोधत होती. इथला सरंगा आणि दक्षिणेकडचा सरंगा एकाच कुळाचा की वेगळा, हे त्या खुणांवरून ठरणार होते. एकाच कुळाचा असेल, तर इथला घटला तरी तिकडून भर पडेल; मग विणीच्या काळात इथली मासेमारी थांबवण्याचे कारण उरणार नव्हते.

तिने चाळीस खुणा तपासल्या. अठ्ठावीस खुणांनी दोन्हीकडच्या प्रत्येक माशात तंतोतंत एकच उत्तर दिले. उरलेल्या बारा खुणा माशागणिक बदलत होत्या. आपलाच हात चुकला असावा, असे समजून तिने त्या वगळल्या आणि 'सरंगा सर्वत्र एकच' असा, मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या समितीसाठीचा अहवाल गुरूंपुढे सहीसाठी ठेवला.

गुरूंनी तो वाचला, प्रयोगशाळेतली पांढरी फीत खिशात टाकली आणि तिला बंदरावर नेले. तिथे प्रत्येक कोळीण आपल्या टोपलीच्या काठाला स्वतःच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत असे. गुरूंनी साऱ्या चिंध्या सोडल्या आणि सगळ्या टोपल्यांना पांढरी फीत बांधली.

चांगुणाबाई कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, टोपल्यांची वरात काढता काय? आता माजी कुठली नि जावेची कुठली?"

"सर, चला ना, त्या खवळल्यात," शिष्या पुटपुटली.

"फीत बघ किती स्वच्छ आहे. सगळीकडे अगदी सारखी."

"पण तिच्यावरून काही कळतच नाही..." ती बोलता बोलता थांबली.

"तुझ्या अठ्ठावीस खुणा अशाच आहेत," गुरू म्हणाले. "सरंगा एकच आहे, असं त्या सांगत नाहीत, त्यांना फरक दिसतच नाही. फरक असलाच, तर तो तू टाकून दिलेल्या बारांत दिसेल. हाताची शंका असेल, तर एकाच माशाला पुन्हा पुन्हा विचार. दर वेळी तेच उत्तर आलं, तर ती तुझी चूक नव्हे, त्या माशाची ओळख आहे."

"आणि तरीही एकच निघाला तर?"

"तर सही करीन. आधी विचारून तर घे."

शिष्या खाली बसली, फिती सोडू लागली आणि कोणती चिंधी कोणाची, हे एकेकीला विचारू लागली.

अहवाल गेला नाही. तिने समितीला एवढेच कळवले: अजून ठाऊक नाही, तोवर विणीचा काळ राखावा.