नावाड्याची डावी बाजू

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. एका रुंद नदीच्या ऐलतीरावर एक गाव होतं, पैलतीरावर बाजार होता आणि मधे ये-जा करायला एकच मोठी नाव होती. तीस वर्षं ती एकाच नावाड्याच्या हातात होती. लोक म्हणायचे, "नदी आपलं वळण विसरेल, पण आमचा नावाडी विसरायचा नाही."

मुलांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जास्त नीट ऐका. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो, आणि तो मुलांवर येत नाही.

नावाड्याला एकच मुलगी होती, येसू. आई लहानपणीच गेलेली. एकोणीस वर्षांच्या येसूच्या तळहातांना वल्ह्याचे घट्टे होते. तिला पहिली शंका घरात आली. तिच्या बापाचा, आबांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. पाण्याची घागर लाथेने कलंडायची आणि वर तेच ओरडायचे, "घागर वाटेत कोण ठेवतं गं?"

घागर वाटेत नसायची. ती नेहमीच्याच जागी, डाव्या भिंतीला लागून असायची.

मग नाव खडकांना घासू लागली. प्रत्येक वेळी डाव्या अंगाला. "कोण हललं रे?" म्हणून नावाडी गरजायचा. नावेतले लोक एकमेकांकडे बघायचे, ओठातल्या ओठात हसायचे आणि गप्प बसायचे.

एका सकाळी पैलतीरावरची म्हातारी वैदीण नावेत होती. ती डोळ्यांचे आजार बघायची. उतरताना तिने नावाड्याच्या डाव्या बाजूने मूठभर शेंगदाणे पुढे केले. तो सरळ समोर बघत राहिला. म्हातारीने हात मागे घेतला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नावाडीदादा, तुम्हाला माझा हात दिसत नाही."

नावाडी दचकून वळला. "मला घारीसारखं दिसतं, म्हातारे! त्या पलीकडच्या झाडावर किती बगळे बसलेत ते सांगू?"

"सांगाल, आणि बरोबर सांगाल. हा आजार आधी कडा कुरतडतो, मधलं शेवटी खातो. मोतीबिंदू असता तर मी काढून दिला असता. हा काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजरेची नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस फसतो. गेलेली नजर कुणीच परत आणू शकत नाही. उरलेली मात्र राखता येते." तिने पिशवीतून एक कुपी काढली. "सकाळ-संध्याकाळ याचे थेंब घाला. एक दिवसही चुकवू नका. आणि सुकाणू आजपासून दुसऱ्याच्या हाती द्या."

शेवटचं वाक्य नावाड्याच्या वर्मी लागलं. त्याने कुपी हिसकावली आणि नदीत भिरकावून दिली.

गावचा पाटील नावेतच होता. नावाड्याला आवरायचं सोडून तो वैदिणीलाच म्हणाला, "बाई, तोंडावर यात्रा आली आहे. असलं अभद्र बोलून लोकांना घाबरवू नका." मागून कुणीतरी "चेटकीण" असं पुटपुटलं. म्हातारी पिशवी उचलून उतरून गेली.

घरी येसूने हात जोडले. "आबा, मी डाव्या बाजूला बसते. काही आलं तर फक्त सांगेन. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे बाप पोरीच्या डोळ्यांनी नाव हाकतो असं लोकांनी म्हणायचं? उद्यापासून नावेत पाय ठेवायचा नाहीस तू."

आणि येसूने ऐकलं. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त राग आला तो याच ऐकण्याचा.

यात्रेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. पाणी संथ होतं. नाव माणसांनी भरून पैलतीराकडे निघाली. येसू काठावर उभी होती. तेवढ्यात डावीकडच्या वळणावरून एक लहान डोंगी आली. म्हाळसा कुंभारीण तिची मडकी घेऊन यात्रेला निघाली होती. नाव आपल्यावर येते आहे हे पाहून तिने हात उंच केला. हाक मारली. काठावरून येसू घसा फुटेपर्यंत ओरडली, "आबा, डावीकडे!"

गलक्यात काही ऐकू गेलं नाही. पण नावेतल्या लोकांनी डोंगी पाहिली होती. एकजण "अहो नावाडी..." एवढं म्हणाला आणि थांबला. इतक्या जुन्या माणसाला आपण काय शिकवायचं, असं त्याला वाटलं.

नाव डोंगीवर चढली. मडकी फुटल्याचा आवाज झाला. म्हाळसा संध्याकाळी सापडली, खाली दूरवर, लव्हाळ्यात अडकलेली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. पाटील खाकरून म्हणाला, "कुंभारीण आडवी आली. नदीला बळी हवा होता, तो नदीने घेतला. कुणाला बोल लावू नये." माना डोलल्या. नावाडी खाली बघत बसला होता. म्हाळसाचा नवरा एका कोपऱ्यात होता. त्याच्या हातात डोंगीचं मोडकं वल्हं होतं.

येसू उठली. "काका, ते जरा द्या," ती त्याला म्हणाली. वल्हं घेऊन ती बापाच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.

"आबा, समोर पाटलांकडे बघा. मान वळवायची नाही. माझ्या हातात काय आहे?"

"तुझा हात आहे कुठे?" नावाड्याने विचारलं.

वल्हं त्याच्या डाव्या गालापुढे वीतभर अंतरावर होतं.

 येसूचा आवाज चढला. "नदीला बळी नको होता! आबांना मान हवा होता, पाटलांना यात्रा हवी होती, आणि तुम्हाला फुकाची गंमत हवी होती. नाव खडकाला घासायची तेव्हा तुम्ही हसत होतात. तुमचे डोळे तर शाबूत होते ना? मग त्यांचा उपयोग काय झाला? मलाही दिसत होतं, आणि मी घरी बसले. म्हाळसाकाकू एकट्या आबांमुळे नाही मेली. ती आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्याने मेली."

पाटील उठू लागला. "पोरी, बापाची अब्रू..."

"बसा!" हे मात्र नावाडी म्हणाला. त्याने चाचपडत वल्हं हातात घेतलं. "ती खरं बोलते आहे. मला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं."

म्हाळसाचा नवरा जागेवरून उठला. त्याने नावाड्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. आपलं वल्हं काढून घेतलं आणि तो निघून गेला. त्या नावेत तो पुन्हा कधी बसला नाही. बाजाराला जायचं तर दोन दिवसांची पायपीट करून वरच्या अंगाच्या उतारावरून, जिथे नदी पायी ओलांडता येते तिथून, जायचा.

येसू बापाला वैदिणीकडे घेऊन गेली. म्हातारीने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. तिने डोळे तपासले आणि नवी कुपी दिली. पण तोवर आजार पुढे गेला होता. नावाड्याला पुढे बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसत राहिलं. तेवढं मात्र थेंबांनी टिकलं. येसू सकाळ-संध्याकाळ न चुकता त्याच्या डोळ्यांत औषध घालायची, पण वर्षभर त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

सुकाणू तिच्याच हाती आलं. तिने गावाकडून एक अट कबूल करून घेतली. नाव हाकणाऱ्याने, गाडी हाकणाऱ्याने, ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे अशा प्रत्येकाने दर वर्षी वैदिणीपुढे बसून डोळे दाखवायचे. दुखत असोत की नसोत. पाटीलही आपली गाडी स्वतःच हाकायचा, पण पहिल्या वर्षी त्याने टाळाटाळ केली. येसूने त्याला नावेत घेतलं नाही. पैलतीरावरच्या बाजारासाठी तो कुंभाराच्या मागून दोन दिवस चालत गेला, आणि तिथेच मुकाट्याने वैदिणीपुढे बसला.

तात्पर्य : नजर अधू होणं हा गुन्हा नाही, पण ते लपवणं आणि दिसत असून गप्प बसणं हा गुन्हाच आहे.