शारदानगरच्या गाड्या

“…म्हणजे आणखी किती कॅमेरे लावू, बाबा?”

लतीफबाबा मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे होते विश्वंभर तोडकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आणि बार्शीतल्या शारदानगर कॉलनीचे अध्यक्ष. फकिराच्या झोपडीत ते सल्ला मागायला आले होते खरे, पण बोलत होते हाताखालच्या माणसाशी बोलावं तसे.

वर्षभरात कॉलनीतून पाच गाड्या चोरीला गेल्या होत्या. त्याही दिवसाढवळ्या. तोडकरांनी काय काय केलं ते सगळं सांगितलं. चौदा कॅमेरे लावले. लोखंडी फाटक बसवलं. भाजीवाल्या गंगूबाईची हातगाडी आत यायची ती बंद केली. कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर रिकामटेकडे बसतात म्हणून कट्टाच पाडून टाकला. आता रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

“तरी पाचवी गेली. सिस्टर नलिनी शिंगाडेंची. त्यांच्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस असतं.”

“आता कसे जातात?”

ते तोडकरांनी विचारलं नव्हतं.

बाबांनी निवडलेली मेथी टोपलीत टाकली. “तुम्ही कशातून आलात?”

“माझी नवी गाडी आहे ना. बाहेर चिंचेखाली लावलीय.”

“कुलूप?”

तोडकरांनी खिशात हात घातला. किल्ली नव्हती. ती गाडीतच राहिली होती. ते ताडकन उठून बाहेर धावले.

गाडी जागेवर होती. दोन म्हातारे तिला पाठ टेकून तंबाखू मळत बसले होते. टपावर कुणीतरी जुनेर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. बोनेटवर एक शेळी उभी राहून चिंचेचा पाला खात होती.

तोडकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते ओरडणार, तेवढ्यात मागून बाबा आले. त्यांनी चिंचेच्या बुंध्याला हात टेकला आणि गाडीकडे बोट दाखवलं.

“आता ही चोरून दाखवा.”

तोडकर गाडीकडे पाहत राहिले. मग शेळीकडे. मग म्हाताऱ्यांकडे.

कुरडया वाळेपर्यंत गाडी हलवता येणार नाही, असं शेजारच्या घरातून एका बाईने ठणकावून सांगितलं. तोडकर तीन तास तिथेच बसले. दोघांपैकी एका म्हाताऱ्याने त्यांना तंबाखू देऊ केली. आयुष्यात पहिल्यांदा ते अनोळखी माणसांशी काही काम नसताना बोलले.

दुसऱ्या दिवशी ते शिंगाड्यांच्या घरी गेले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही सोलापूरला कसे जाता? नलिनीबाईंनी सांगितलं.

त्या आठवड्यात कॉलनीत गवंडी आला. पाडलेला कट्टा पुन्हा उभा राहिला, पहिल्यापेक्षा लांब. गंगूबाईला निरोप गेला. ती आली, पण तोडकरांना चार शब्द सुनावल्यावरच तिने हातगाडी आत घेतली. तोडकरांनी ते ऐकून घेतलं.

आधी कट्ट्यावर ते एकटेच बसत. त्यांना लाज वाटे. मग शिंगाडे येऊ लागले, त्यांना घरात बसून कंटाळा यायचा. मग माणकेश्वर काकू, मग शेवग्याच्या शेंगा मोडायला आणखी दोघीतिघी. महिन्याभरात चार वाजता कट्ट्यावर जागा मिळेनाशी झाली. कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची गाडी कुठली, सगळं सगळ्यांना कळू लागलं.

एका दुपारी एक माणूस फाटकातून आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या. सरळ गद्रे मास्तरांच्या पांढऱ्या गाडीकडे निघाला. मास्तर नागपूरला गेले होते.

माणकेश्वर काकूंनी विचारलं, कुणाकडे आलात?

मास्तरांचा पुतण्या, असं तो म्हणाला.

कट्ट्यावर आनंद झाला. मास्तरांकडे कधी कुणी येत नसे, आणि आज पुतण्या आला. त्याला हाताला धरून बसवलं. चहा आला, पोहे आले. मास्तरांचा गुडघा आता बरा आहे, हे तीन जणांनी तीनदा सांगितलं. तो माणूस घाम पुसत होता. उठायला गेला की कुणीतरी खाली बसवायचं.

तेवढ्यात काकूंना दवाखान्यात जायचं होतं आणि त्यांच्या गाडीची किल्ली सापडत नव्हती. पुतण्या तरुण आहे, त्याला काही जमतं का बघू, असं कुणीतरी म्हणालं. तो गेला, खाली वाकला, आणि अर्ध्या मिनिटात गाडी सुरू झाली.

किल्लीशिवाय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोडकरांनी वाजवल्या नाहीत. ते इंजिनिअर होते. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, त्याने तोडकरांकडे पाहिलं.

तोडकर उठणार होते. पण शिंगाड्यांनी त्या माणसाला पुन्हा जवळ बसवून घेतलं होतं. हसत हसत ते आपली गोष्ट सांगत होते. गाडी गेल्यापासून दोन बस बदलाव्या लागतात. येताना अंगात त्राण नसतं, मग स्टँडवरच्या बाकावर आडवा होतो, नलिनी पिशवी उशाला देते.

“तुमच्यासारखा कुणी शेजारी असता,” शिंगाडे म्हणाले, “तर गाडी गेलीच नसती.”

त्या माणसाने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

तोडकरांनी त्याला अडवलं नाही. तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि चालत फाटकाबाहेर गेला.

पाचव्या दिवशी, लोक जेवायला बसलेले असताना, शिंगाड्यांच्या दारात त्यांची गाडी उभी राहिली. धुतलेली. पेट्रोल भरलेलं. नलिनीबाई आधी रडल्या, मग त्यांनी अख्ख्या कॉलनीला गाडीत बसवून, पाच पाच जणांच्या खेपा करून, भगवंत मंदिरापर्यंत फिरवून आणलं. शिंगाडे प्रत्येक खेपेला पुढच्या सीटवर बसले, उतरायलाच तयार नव्हते.

संध्याकाळी तोडकर लतीफबाबांकडे आले. या वेळी ते जमिनीवर बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. कट्टा पुन्हा बांधल्यापासून एकही गाडी गेली नाही, हेही सांगितलं. पण एक गोष्ट त्यांना खात होती. चोर हातात होता, आणि आपण त्याला चहा पाजून जाऊ दिलं. हे बरोबर झालं की चूक, ते समजत नव्हतं.

बाबा चूल फुंकत होते.

“बाबा, बाकीच्या चार गाड्या अजून यायच्या आहेत.”

“हं.”

“तो माणूस पुन्हा आला तर मी काय करू?”

बाबा मोठ्याने हसले. धुराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“या खेपेला जेवायला थांबवा.”